गावठी कोंबड्यांच्या उवा, लाल माइट आणि गोचीड: पावसाळ्यातला इलाज (गोवा)

कुळागरी

मिरगानंतर इथे दर आठवड्याला एक प्रश्न ठरलेला: कोंबड्या अंग टोचत बसतात, अंडी कमी झाली, काय मारू? त्याखाली लगेच औषधाचं नाव आणि मिली येतात. किडा कुठला, हे कोणी विचारत नाही. उवा जन्मभर कोंबडीच्या अंगावरच असतात. लाल माइट (कोळ्याच्या जातीचा, ठिपक्याएवढा किडा) दिवसभर खुराड्याच्या फटीत असतो, रात्री फक्त रक्त प्यायला येतो. एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर कोंबडी भिजते आणि किडे तसेच राहतात. म्हणून हा वेगळा धागा.

आधी ओळख. दिवसा कोंबडी धरून उलटी करा आणि शेपटाखालची, गुदद्वाराभोवतालची पिसं फुंकर मारून बाजूला करा. सुक्या गवताच्या रंगाचे, दोन-तीन मिलिमीटरचे चपटे किडे उजेड दिसताच पळाले तर उवा. पिसाच्या बुडाला पांढरट गड्डे चिकटले असतील तर त्या लिखा.

तिथली पिसं काळपट, मळल्यासारखी दिसतात आणि कोंबडी धरल्याधरल्या बारीक ठिपके तुमच्या मनगटावर चढतात, तर तो अंगावर राहणारा माइट. आपल्या दमट हवेत ऑर्निथोनिसस बर्सा ही जात खुडूक कोंबडीच्या घरट्यात हमखास असते.

दिवसा अंगावर काहीच नाही, पण तुरा फिका पडलाय आणि कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला कां कूं करतात? रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा. दांडीच्या खालच्या अंगाला पांढरा टिश्यू घट्ट पुसा. तांबडे डाग उमटले तर लाल माइट. उपाशी असताना तो करडा दिसतो, म्हणून दिवसा नजरेतून सुटतो.

गोचीड आणि पायाची खरूज वेगळी, त्यावर खाली बोलू.

चिरेबंदी

चांगलं केलंत. यात आपल्या खुराड्यांचं बांधकाम मोजलंच पाहिजे. पुस्तकात गुळगुळीत भिंतीचं शेड असतं, आपल्याकडे चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. बिनगिलाव्याच्या चिऱ्याला इतकी भोकं असतात की लाल माइटला आणि कोंबडीच्या गोचिडाला त्याहून सोयीचं घर नाही. वरून फवारलेलं औषध चिरा पिऊन टाकतो, आतल्या भोकात काही पोचत नाही.

इलाज गवंड्याचा आहे, औषधाचा नाही. आतून किमान तीन फूट उंचीपर्यंत चुना-वाळूचा (एकास तीन) किंवा सिमेंटचा गिलावा करा आणि वर चुन्याची सफेदी द्या. फुटकळ भोकं नुसती लिंपलीत तरी चालेल, पण दांडीचं टोक ज्या जागी भिंतीत शिरतं ती जागा सोडू नका. सगळ्यात मोठी वस्ती तिथेच असते.

त्याहून चांगलं म्हणजे दांडी भिंतीत घालूच नका. चार पायांची सुटी घोडी करा, भिंतीपासून वीतभर लांब. पायांखाली वाट्या ठेवून त्यात करंजेल किंवा तळणीचं जुनं तेल घाला. पाणी नको, डास होतात आणि माइट कोरड्या कडेवरून वाट काढतो. घोडी भिंतीला कुठेही टेकली, एखादं गवत लोंबलं, तर वाट्यांचा उपयोग संपला.

बांबूची दांडी वापरू नका. पोकळ टोकं आणि पेरं म्हणजे आयती बिळं. वापरायचीच तर दोन्ही टोकं मेणाने किंवा सिमेंटने बुजवा. पोफळीच्या रिपा चिरतात, त्याचंही तेच. रंधा मारलेली, कडा गोल केलेली, चार-पाच सेंटिमीटर रुंद लाकडी पट्टी घ्या. दर कोंबडीमागे वीतभर जागा पुरते.

पेडणेकर_७

कृषी दुकानात डेल्टामेथ्रिन (किडे मारायचं फवारणीचं औषध) मागितलं तर २.८ टक्क्यांची भाजीपाल्याची बाटली देतात. पशुऔषधाच्या दुकानात १.२५ टक्क्यांची मिळते. शेतीची स्वस्त पडते. प्रमाण अर्धं करून तीच वापरली तर?

गोठाघर

नको. प्रश्न नुसत्या टक्क्यांचा नाही. शेतीच्या ईसी (पाण्यात मिसळून फवारायच्या तेलकट) औषधात जे द्रावक असतात ते कातडीला आणि डोळ्यांना जाळतात. ती बाटली जनावराच्या अंगासाठी किंवा घरासाठी बनवलेलीच नसते. जनावरांसाठीचं १.२५ टक्के म्हणजे एका मिलीत १२.५ मिलिग्रॅम. लिटरभर पाण्यात २ मिली टाकलं की २५ मिलिग्रॅम प्रति लिटर, ४ मिली टाकलं की ५०. खुराडं फवारायला साधारण याच टप्प्यात राहतात. तुमच्या बाटलीवरचं लेबल वेगळं सांगत असेल तर लेबल खरं. हाच हिशेब २.८ टक्क्यांना लावलात तर सव्वादोनपट होतो. दुकानदाराच्या "दोन मिली टाका"ला म्हणूनच अर्थ नाही, बाटली कुठली ते आधी सांगायला हवं.

खुराडं फवारताना कोंबड्या बाहेर. आधी सगळं शेण, पेंढा, जाळी काढा आणि कोरडं खरवडा, कारण शेणाच्या थरावर फवारलेलं औषध शेणातच मुरतं. दांडीचा खालचा भाग, बिजागऱ्या, खिळ्यांची डोकी, अंड्याच्या पेटीचे सांधे हे भिजून ओघळेपर्यंत फवारा. चार बाय सहा फुटाच्या खुराड्याला पाच लिटर पाणी सहज लागतं. अर्ध्या लिटरच्या स्प्रे बाटलीने नुसतं वरवर होतं. पूर्ण वाळल्यावरच कोंबड्या आत.

आणि परत. गरम दमट हवेत लाल माइटचं अंड्यापासून अंडं घालण्यापर्यंतचं चक्र आठवड्या-दीड आठवड्यात पुरं होतं, आणि अंड्यांवर या औषधाचा जोर चालत नाही. पहिल्या फवारणीनंतर सातव्या आणि चौदाव्या दिवशी पुन्हा. "औषधाने फरक पडला नाही" म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा एकदाच मारलेलं असतं. तीनही वेळा नीट करून फरक पडला नाही तर मात्र किडे सरावलेत असं समजा. मग मात्रा वाढवू नका, औषधाचा गट बदला.

उरलेलं पाणी विहिरीच्या, तळीच्या, मानशीच्या (खाजण शेतीच्या बांधावरच्या झडपेच्या) पाण्यात जाता कामा नये. माशांना आणि कोळंबीला या गटातली औषधं अगदी थोडक्यात मारतात. सांडलेलं मातीत पडू दे, उतारावर नको.

सत्तरीकर

जुन्या माणसांच्या सांगण्यात अजून सेव्हिन पावडर, नुवान, गॅमेक्झिन येतात. ही मिळतात का आता?

गोठाघर

मिळाली तरी घेऊ नका. गॅमेक्झिनमधलं लिंडेन: भारतात उत्पादन २०११ पासून आणि वापर २०१३ पासून बंद. सेव्हिन म्हणजे कार्बारिल, २०१८ च्या आदेशाने बंद. नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस, त्यावर २०२० अखेरपासून बंदी. कोणाच्या माळ्यावर जुना डबा असेल तर तो कोंबडीवर संपवायची जागा नाही.

फिप्रोनिल हे कुत्र्यांच्या गोचिडांवरचं औषध कोणी सुचवेल. अंडी खायची असतील तर कधीच नाही. २०१७ मध्ये नेदरलंड्स आणि बेल्जियममधून लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली, ती लाल माइट मारायला शेडमध्ये फिप्रोनिल वापरल्यामुळेच.

पोफळी

आयव्हरमेक्टिन (जंत आणि किड्यांवरचं औषध) तर सगळेच देतात. मानेवर एक थेंब.

गोठाघर

सगळेच देतात, खरं आहे. दोन गोष्टी बघा.

मात्रा ०.२ मिलिग्रॅम प्रति किलो. बाजारातलं एक टक्क्याचं इंजेक्शन एका मिलीत १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दीड किलोच्या गावठी कोंबडीला ०.०३ मिली. "एक थेंब" थेंबाच्या आकारावर अवलंबून दीडपट-दुप्पट होतो आणि पिल्लाला तर कितीतरी पट. दुसरं, ते रक्त पिणाऱ्यांवर चालतं. कोंबडीच्या उवा पिसं आणि कातडीचा कोंडा कुरतडतात, त्यांच्यावर असर अर्धामुर्धाच.

आणि अंडी. २०१२ च्या औषध नियमांतल्या दुरुस्तीप्रमाणे औषध दिल्यावर अंडी-मांस किती दिवस खायचं नाही हा अवधी ज्या औषधाला ठरवून दिलेला नाही, त्याला अंड्यांसाठी कमीत कमी ७ दिवस आणि कोंबडीच्या मांसासाठी २८ दिवस धरायचे. ती खालची मर्यादा आहे. आयव्हरमेक्टिन चरबीत मुरतं, म्हणून पिवळ्यात उतरतं, आणि एकेक पिवळा बलक आठ-दहा दिवस भरत असतो. सात दिवसांवर विसंबून अंडी विकू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पक्षी दाखवून, लिहून घेऊनच हे करा.

युरोपात २०१७ पासून फ्लुरालॅनर पाण्यातून देतात, ०.५ मिलिग्रॅम प्रति किलो, सात दिवसांच्या अंतराने दोनदा, आणि अंड्यांना थांबायला लागत नाही. ते मोठ्या फार्मच्या हिशेबाचं औषध आहे. कुत्र्याची फ्लुरालॅनरची गोळी कुटून कोंबडीला देणं हा त्याचा पर्याय नव्हे, हेही सांगून ठेवतो.

कुळागरी

मग बाराएक कोंबड्या ज्यांच्या परसात आहेत त्यांनी उवांवर काय करावं? माझं मत: राख आणि गंधक. आंब्याच्या भुरीवर मारतात ते ८० टक्के पाण्यात मिसळणारं गंधक प्रत्येक कृषी दुकानात असतं.

धूळस्नानाची पेटी दोन फूट बाय दोन फूट, कडा फूटभर उंच. आत वीतभर बारीक कोरडी वाळू दोन भाग, चाळलेली लाकडाची राख एक भाग, आणि या मिश्रणाच्या दहा किलोंना अर्धा किलो गंधक. वर पत्रा हवाच, आणि पत्र्याला तिरका पाऊस आत येणार नाही इतका पडवा. कोंबड्या स्वतः लोळतात आणि आपला हात पोचत नाही तिथेही औषध पोचवतात. हाताने पावडर लावण्यापेक्षा ते बरं.

ज्यांच्या अंगावर आधीच गर्दी आहे त्यांना हातानेच. दोघं लागतात. एकाने पाय धरून कोंबडी उताणी करायची, दुसऱ्याने चिमटीने शेपटाखाली, पंखांच्या खाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला पिसांच्या बुडापर्यंत चोळायचं. डोकं आणि डोळे वर्ज्य, नाकाला फडकं बांधा. लिखांवर काहीही चालत नाही, त्या चार-सात दिवसांत फुटतात. म्हणून आठव्या-दहाव्या दिवशी पुन्हा, आणि मग आणखी एकदा. उवा कोंबडीवरून उतरल्या की आठवडाभरातच मरतात, त्यामुळे उवांसाठी खुराडं धूत बसायची गरज नाही. तो वेळ माइटला द्या.

समुद्रकाठ

राखेबद्दल एक. जूनपासून इथे राख दोन दिवसांत ओली होते. ओली राख म्हणजे क्षार, कोंबडीचे तळवे आणि पोटाची कातडी त्याने सोलवटते. ओलसर वाटली की फेकून माडाच्या आळ्यात टाका आणि नवी भरा. सोडणांची (नारळाच्या सालांची) राख चालते, पण प्लास्टिक किंवा रंगवलेलं लाकूड जाळलेली नको.

ऑनलाइन मिळणारी डायटोमाइट मातीची पावडर याच कारणाने इथे पैसे वाया. तिचं काम किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडून त्याला सुकवणं. हवेत ऐंशी-नव्वद टक्के दमटपणा असताना सुकवणार कोणाला? आणि कोरडी असेल तेव्हा ती तुमच्या आणि कोंबडीच्या फुफ्फुसात जाते.

पोफळी

निगडीचा पाला, सीताफळीचा पाला, तंबाखूचं पाणी हे आमच्या भागात चालतं. त्याला काही अर्थ?

कुळागरी

पाला पेंढ्याखाली घालायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. वाळलेला पाला बदलला नाही तर किड्यांना लपायला आणखी एक जागा होते. सीताफळीच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर फार वाईट.

तंबाखूचं पाणी अजिबात नको. निकोटीन कातडीतून आत जातं, घट्ट-पातळ किती झालंय ते कळायला मार्ग नाही, आणि कोंबडी लटपटून पडली की उतारा नाही. रॉकेल तसंच.

करंजेल दांडीच्या टोकांना आणि सांध्यांना ब्रशने लावायला उत्तम. दर आठवड्याला लावावं लागतं. कोंबडीच्या अंगाला तेल चोळू नका. पिसं तेलकट झाली की पावसात ती पाणी धरतात आणि कोंबडी गारठते.

चिरेबंदी

यात भर: जाळी आणि लोखंडी सांध्यांवरून ब्लो टॉर्चची ज्योत नुसती फिरवून घ्या. पेंढा आणि पोफळीच्या रिपांजवळ तो चुकूनही पेटवू नका. लाकडी सामानावर उकळतं पाणी टाकणं जास्त सुरक्षित.

डिचोलीची

खुडूक कोंबडीला बसवताना नेमकं काय करायचं? अर्ध्यात घरटं सोडून उठतात, तेही माइटमुळेच ना?

समुद्रकाठ

बहुतेक वेळा हो. एकवीस दिवस एका जागी बसणारी कोंबडी म्हणजे माइटला चोवीस तास उघडं हॉटेल. बसवायच्या दोन दिवस आधी कोंबडीला गंधक लावा. टोपली किंवा डालगं उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. जून-जुलैत ऊन नसेल तर चुलीच्या वर टांगा. तळाला चिमूटभर गंधक, वर नवा कोरडा पेंढा. मागच्या वर्षीचा मळणीच्या ढिगातला नको.

दहाव्या दिवशी ती चरायला उतरते तेव्हा पुन्हा एकदा हलक्या हाताने. त्यानंतर पिल्लं फुटेपर्यंत काही नाही. तेल, फवारा, भिजलेलं फडकं यातलं काहीही घरट्यात नको: कवचाची छिद्रं तेलाने बुजली की आतलं पिल्लू गुदमरतं. पिल्लं बाहेर आली की त्याच दिवशी त्यांना दुसऱ्या टोपलीत हलवा आणि तो पेंढा जाळा. उकिरड्यावर टाकलात तर किडे भिंतीवरून परत येतात आणि घरातल्या माणसांनाही चावतात. माणसावर ते वस्ती करत नाहीत, साबणाने आंघोळ पुरते.

सत्तरीकर

गोचिडांचं सांगा. आमच्याकडे माकडतापामुळे (जंगलातल्या गोचिडांमुळे माणसांना होणारा ताप) गोचीड म्हटलं की लोक घाबरतात.

गोठाघर

माकडतापाची गोचीड जंगलातली, हिमाफायसालिस गटातली, कठीण कवचाची. कोंबडीच्या खुराड्यातली अर्गास पर्सिकस वेगळी: चपटी, मऊ, मनुकेसारखी सुरकुतलेली. दिवसा चिऱ्याच्या भोकात, झाडाच्या सालीखाली. मोठी गोचीड रात्री अर्ध्या-पाऊण तासात रक्त पिऊन निघून जाते. पण तिची पिल्लं आठवडाभर कोंबडीला चिकटून असतात. पंखाखाली निळसर-तांबडे दाणे दिसतात ते तेच. चिमट्याने उपटू नका, तोंड आत राहून जखम चिघळते.

हिचा माकडतापाशी संबंध नाही. मात्र ती कोंबड्यांत स्पायरोकिटोसिस पसरवते: ताप, हिरवी पातळ शी, झोप, मग पक्षाघात. हे राणीखेतीसारखं दिसतं म्हणून लोक सोडून देतात. स्पायरोकिटोसिस पेनिसिलिनने बरा होतो, राणीखेत नाही. म्हणून अशी लक्षणं दिसली आणि खुराड्यात गोचीड सापडली तर दोन्ही गोष्टी दवाखान्यात सांगा. गोचीड उपाशीपोटी वर्षाहून जास्त जगते, तेव्हा खुराडं सहा महिने रिकामं ठेवून ती जाणार नाही. भोकं बुजवणं हाच उपाय.

पेडणेकर_७

पायाचे खवले उभे राहून चुना लागल्यासारखे झालेत, तेही यातलंच?

कुळागरी

ती पायाची खरूज. खवल्याखाली बीळ करणारा माइट, डोळ्यांना दिसत नाही. कोमट साबणाच्या पाण्यात पाय पाच-दहा मिनिटं बुडवा, जुन्या मऊ टूथब्रशने वरवर घासा, पुसून कोरडा करा. मग व्हॅसलीन नऊ भाग आणि गंधक एक भाग घोटून गुडघ्यापासून नखांपर्यंत जाड थर. दर दोन-तीन दिवसांनी, चार आठवडे. खवले ओढून काढू नका, रक्त येतं आणि जंतू शिरतात. किडे मेल्यावरही पाय महिनोन्महिने तसाच खडबडीत दिसतो. पीस गाळल्यावर नवे खवले येतात. दिसण्यावरून "गुण नाही" म्हणून रॉकेल ओतू नका. एका कोंबडीला असेल तर सगळ्यांचे पाय बघा, एकाच दांडीवरून पसरते.

समुद्रकाठ

वेळेचा एक हिशेब कोणी मांडला नाही. गोव्यात बहुतेक हिंदू घरांत श्रावण ते चतुर्थी कोंबडी आणि अंडी बंद असतात. नेमका तोच काळ दमटपणाचा आणि माइटचा. डॉक्टरांनी औषध लिहून दिलंच तर श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा. २८ दिवस कोणाला न अडवता निघून जातात. फक्त अंडी शेजारी किंवा बेकरीत देत असाल तर तीही थांबवा. राखणेसाठी (राखणदार देवाला द्यायला) किंवा नवसासाठी ठेवलेला कोंबडा ओळखून वेगळा ठेवा, कारण त्याची तारीख आपण ठरवत नाही.

डिचोलीची

तीन फवारण्या झाल्यावर माइट संपला हे कळणार कसं? रोज रात्री बॅटरी घेऊन कोण जाईल.

चिरेबंदी

खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचे हातभर लांबीचे तुकडे गुंडाळी करून दांडीच्या दोन्ही टोकांना खाली सुतळीने बांधा. माइटला नाळ्या आवडतात. तिसऱ्या दिवशी सकाळी, अंधार असतानाच, सोडून थेट प्लास्टिकच्या पिशवीत टाका आणि गाठ मारून फ्रीजरमध्ये किंवा उकळत्या साबणाच्या पाण्यात. मग पांढऱ्या कागदावर झटकून बघा. दोन-चार मिळाले तर आठवड्याने परत बांधा. कागदावर ठिपक्यांची रांगोळी पडली तर चौथी फवारणी, आणि आधी भिंतीत कुठलं भोक राहिलंय ते शोधा. सलग तीन वेळा कोरा कागद आला तरी पावसाळा संपेपर्यंत पुठ्ठे महिन्यातून एकदा बांधत जा. कावळे, पारवे आणि चिमण्या कौलांत बसतात, तिथून माइट पुन्हा येतो. कौलांखाली जाळी मारलीत तर पुष्कळ फरक पडेल. पुठ्ठा मात्र आठवड्यापेक्षा जास्त ठेवू नका, सापळ्याचं घरटं होतं.